हेलीनचा वारा जमिनीवर इतका आत कसा पोचला? अंदाज, प्रत्यक्ष नोंदी आणि ह्यूगो-मायकेलशी तुलना

दक्षिणवारा

२०२४ च्या हेलीन चक्रीवादळावर मराठीत जे लिहिलं गेलं ते बहुतेक उत्तर कॅरोलिनातल्या ॲशव्हिल आणि आसपासच्या महापुराबद्दल. पूर होताच तसा भयानक. पण त्याच रात्री पूर्व जॉर्जियात आणि दक्षिण कॅरोलिनाच्या वायव्य भागात वाऱ्याने जो विध्वंस केला, त्याची नीट मांडणी फारशी दिसत नाही. या दोन्ही राज्यांत प्रत्येकी दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. दक्षिण कॅरोलिनातले बहुतेक मृत्यू पाण्याने नाही, झाडं पडून झाले. म्हणून हा धागा फक्त वाऱ्यापुरता ठेवू या.

आधी घटनाक्रम. २६ सप्टेंबरच्या रात्री ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास (पूर्व किनाऱ्याची वेळ) हेलीन फ्लोरिडातल्या पेरी गावाजवळ किनाऱ्याला धडकलं. सलग वारा ताशी १४० मैल, म्हणजे पाचांपैकी चौथी श्रेणी. दोन गोष्टी तेव्हाच नजरेत भरण्यासारख्या होत्या. एक, आकार: वादळी वाऱ्याचा घेर केंद्रापासून ३१० मैलांपर्यंत पसरलेला. दोन, वेग: वादळ स्वतः ताशी २४ मैलांच्या आसपास उत्तरेकडे पळत होतं, आणि जॉर्जियात शिरल्यावर ते ३० च्या घरात गेलं. पहाटे ५ च्या पत्रकात नॅशनल हरिकेन सेंटरने, म्हणजे एनएचसीने, सलग वारा ७० मैलांवर आणला. कागदोपत्री हेलीन तेव्हा हरिकेन (सलग वारा ६४ नॉट, म्हणजे ७४ मैल किंवा जास्त) राहिलं नव्हतं.

आता नोंदी बघा. दक्षिण जॉर्जियातल्या आल्मा इथे ताशी १०० मैलांचा झोत. पूर्व जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या विमानतळावर ८२. उत्तर कॅरोलिनातल्या माउंट मिचेलच्या शिखरावर १०६, पण ती उंची ६,६८४ फूट आहे, तिची तुलना मैदानातल्या गावाशी करायची नाही. ऑगस्टा वादळाच्या धडकेच्या जागेपासून सुमारे २५० मैल, म्हणजे ४०० किलोमीटर दूर. साधारण मुंबई ते कोल्हापूर.

अंदाज चुकला होता का? माझं मत स्पष्ट आहे: वाऱ्याचा अंदाज मुख्यतः बरोबर होता. वादळ किनाऱ्यापासून दूर असतानाच एनएचसीच्या ठळक सूचनांमध्ये "नुकसान करणारे झोत खूप आतपर्यंत, विशेषतः दक्षिण ॲपलेशियनच्या उंच भागात" असा इशारा होता. ट्रॉपिकल स्टॉर्म वॉर्निंग जॉर्जिया ओलांडून दक्षिण कॅरोलिनाच्या डोंगरपायथ्यापर्यंत आणि पश्चिम उत्तर कॅरोलिनापर्यंत गेलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टपासून एनएचसीने शंकूच्या, म्हणजे केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवणाऱ्या, नकाशावर जमिनीवरचे इशारेही रंगवून दाखवायला सुरुवात केली होती. चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते उलगडायला मला इथल्या जाणकारांची मदत हवी आहे. विशेषतः तीन मुद्दे: सलग वारा आणि झोत यांतला फरक, जुन्या वादळांपैकी खरं साम्य कोणाशी, आणि झाडं इतकी का पडली.

कांदेपोहे_शार्लट

दक्षिणवारा, चांगला विषय घेतलात. एक शंका. पहाटे ५ च्या पत्रकात संपूर्ण वादळातला सगळ्यात जास्त वारा ७० मैल. मग ऑगस्टात ८२ कसा नोंदला गेला? पत्रकाने कमी सांगितलं असंच नाही का होत?

नॉटमैल

नाही, दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. गल्लत इथेच होते.

एनएचसीचा आकडा म्हणजे १० मीटर उंचीवरचा, एका मिनिटाच्या सरासरीचा वारा, आणि तोही संपूर्ण वादळात जिथे कुठे सगळ्यात जास्त असेल तिथला. ऑगस्टाचा ८२ हा झोत आहे, म्हणजे साधारण ३ सेकंदांची सरासरी. विमानतळावरचं स्वयंचलित केंद्र सलग वारा २ मिनिटांच्या सरासरीने देतं आणि झोत वेगळा देतं. म्हणजे तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या झाल्या.

समुद्रावर झोत सलग वाऱ्याच्या १.२ ते १.३ पट असतो. जमिनीवर झाडं, घरं, टेकड्या वाऱ्याची सरासरी खाली ओढतात, पण वरच्या थरातला वेगवान वारा मधूनमधून खाली आपटतच राहतो. त्यामुळे आतल्या भागात हे गुणोत्तर दीडच्या वर जातं, झाडीच्या प्रदेशात त्याहूनही जास्त. ८२ मैल म्हणजे ७१ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण १.१५ मैल). १.६ ने भागा: ४४ नॉट, म्हणजे सलग वारा ताशी ५१ मैल. ट्रॉपिकल स्टॉर्म वॉर्निंगची व्याख्या काय? सलग ३४ ते ६३ नॉट. म्हणजे ऑगस्टासाठी दिलेला इशारा व्याख्येनुसार तंतोतंत खरा ठरतो, आणि तरीही लोकांच्या छपरावर हरिकेनच्या ताकदीचा झोत येतो.

दक्षिणवारा विचारतात ते "वेगळं ठिकाण" मला वाटतं हेच. एनएचसीचा वाऱ्याच्या शक्यतेचा तक्ता ३४, ५० आणि ६४ नॉटच्या *सलग* वाऱ्याची शक्यता देतो. १,००० काल्पनिक मार्ग आणि तीव्रता चालवून ती काढतात. किनाऱ्यापासून २०० मैल आतल्या गावासमोर ६४ नॉटच्या रकान्यात अगदी छोटा आकडा दिसतो. वाचणारा म्हणतो, हरिकेनचा वारा येणार नाही. आकडा खरा असतो, निष्कर्ष खोटा असतो. आतल्या गावासाठी ३४ आणि ५० नॉटचे रकाने बघायचे आणि त्याला मनाशी दीड ते पावणेदोनने गुणायचं. ५० नॉटची शक्यता वीस-पंचवीस टक्क्यांवर गेली की मी तो इशारा झाडं पाडणाऱ्या वाऱ्याचाच समजतो.

आकडेमोड

नॉटमैल यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. जमिनीवर वारा किती वेगाने मंदावतो त्याचं सोपं गणित देतो, कारण त्याशिवाय जुन्या वादळांशी तुलना हवेतच राहते.

कॅप्लन आणि डीमारिया यांचं १९९५ चं सूत्र आजही पायाभूत मानतात. हाताने करता येतं. किनाऱ्यावर धडकतानाचा सलग वारा नॉटमध्ये घ्या. त्याला ०.९ ने गुणा, कारण जमिनीच्या खरखरीतपणामुळे पहिल्याच झटक्यात एवढी घट होते. त्यातून २६.७ वजा करा. जे उरेल त्याला दर तासाला ०.९०९ ने गुणत जा, आणि शेवटी २६.७ परत मिळवा. किनाऱ्यापासूनच्या अंतरासाठी एक छोटी दुरुस्ती असते, ती इथे सोडून देतो.

हेलीनसाठी: १२० नॉट. ०.९ पट म्हणजे १०८. वजाबाकी करून ८१.३.

३ तासांनी: ८८ नॉट, म्हणजे ताशी १०१ मैल
६ तासांनी: ७३ नॉट, ८४ मैल
९ तासांनी: ६१ नॉट, ७१ मैल
१२ तासांनी: ५३ नॉट, ६१ मैल

पहाटे ५ म्हणजे धडकेनंतर साधारण सहा तास. सूत्र म्हणतं ८४, पत्रक म्हणतं ७०. म्हणजे सलग वाऱ्यापुरतं बोलायचं तर हेलीन सरासरी वादळापेक्षा *लवकर* मंदावलं. "हेलीन जमिनीवर कमजोरच झालं नाही" असं जे सरसकट लिहिलं जातं ते आकड्यांत टिकत नाही.

मग वारा इतका आत पोचला कसा? या सूत्रात वेळ आहे, अंतर जवळजवळ नाही. वादळ ताशी १० मैलांनी सरकत असेल तर सहा तासांत ते ६० मैल आत जातं. ३० मैलांनी पळत असेल तर १८० मैल. मंदावण्याचा दर तोच, पण तोवर वादळ तिप्पट अंतर कापून गेलेलं असतं. शिवाय उत्तरेकडे पळणाऱ्या वादळाच्या उजव्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, वादळाची स्वतःची गती वाऱ्यात मिळते. पश्चिमेला ती वजा होते. ऑगस्टा पूर्वेला होतं. अटलांटा पश्चिमेला.

हे सूत्र अमेरिकेतल्या ३७ अक्षांशाच्या दक्षिणेकडच्या वादळांवर बसवलेलं आहे. ओहायोसाठी वापरू नका.

कांदेपोहे_शार्लट

नॉटमैल, आकडेमोड, दोघांचेही आभार, आता नीट उलगडलं.

जुन्या वादळांबद्दल: इथे उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये अजूनही प्रत्येक वादळाची तुलना ह्यूगोशीच होते, तर त्याचा तपशील देतो. २१-२२ सप्टेंबर १९८९ च्या मध्यरात्री ह्यूगो दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या उत्तरेला सलिव्हन्स आयलंडजवळ धडकलं. चौथी श्रेणी, सलग वारा ताशी १४० मैलांच्या आसपास, म्हणजे हेलीनइतकाच. ते वायव्येकडे ताशी २५ ते ३० मैलांनी गेलं आणि पहाटे शार्लटच्या किंचित पश्चिमेकडून सरकलं. शार्लट म्हणजे उजव्या बाजूला. विमानतळावर सलग ६९ आणि झोत ८७ मैल नोंदला गेला. शहरातली बहुतेक वीज गेली, काही भागांत दोन आठवड्यांहून जास्त काळ.

ऑगस्टाच्या ८२ शेजारी शार्लटचे ८७ ठेवले तर दोन्ही जवळपास सारखेच वाटतात. पण १९८९ मध्ये आजची स्वयंचलित केंद्रं नव्हती. यंत्र वेगळं, झोत मोजण्याची पद्धत वेगळी, उंचीही सगळीकडे सारखी नव्हती. त्यामुळे पाच मैलांच्या फरकावरून "ह्यूगो मोठं की हेलीन" हा वाद घालण्यात अर्थ नाही.

दक्षिणवारा

कांदेपोहे, अगदी हाच मुद्दा होता. माझ्या मते हेलीनच्या वाऱ्याशी सगळ्यात जवळचं साम्य ह्यूगोचंच. चौथी श्रेणी, रात्रीची धडक, वेगवान चाल, आणि मोठं शहर मार्गाच्या उजवीकडे. फरक आकारात. हेलीन कितीतरी पसरट होतं, म्हणून ह्यूगोने एक पट्टा झोडपला आणि हेलीनने जॉर्जियातल्या वाल्डोस्टापासून दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गपर्यंत एक रुंद प्रदेश झोडपला.

ज्या तुलना सगळीकडे झाल्या त्यातल्या काहींनी मात्र घोटाळा केला. २०१७ चं अर्मा अटलांटाकरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे, कारण तेव्हा अटलांटासाठी पहिल्यांदाच ट्रॉपिकल स्टॉर्म वॉर्निंग निघाली होती. १९९५ चं ओपलही तिथल्या जुन्या लोकांना आठवतं. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाजवळ धडकून ते अटलांटाच्या पश्चिमेकडून गेलं, म्हणजे शहर उजव्या बाजूला होतं. हेलीनच्या वेळी २४-२५ सप्टेंबरच्या अंदाजांत अटलांटा परिसर शंकूच्या मधोमध होता, त्यामुळे सगळी चर्चा "ओपल पुन्हा येणार का" याभोवती फिरली. प्रत्यक्षात केंद्र अटलांटाच्या पूर्वेकडून गेलं. अटलांटाला वारा बेताचा आणि पाऊस विक्रमी मिळाला: ४८ तासांत ११.१२ इंच, १८८६ पासूनचा विक्रम मोडून. वाऱ्याचा मार बसला ऑगस्टाच्या बाजूला. मार्गातली ही चूक एनएचसीच्या नेहमीच्या मर्यादेतलीच होती. शंकू मुळात मागच्या पाच वर्षांतल्या चुकांच्या दोन-तृतीयांशांवर बेतलेला असतो. तो केंद्र कुठे असेल ते सांगतो, वारा कुठवर जाईल ते सांगत नाही.

मायकेल (२०१८) वेगळ्या जातीचं. फ्लोरिडातल्या मेक्सिको बीचला ताशी १६० मैलांनी धडकलं आणि नैर्ऋत्य जॉर्जियात शिरतानाही तिसऱ्या श्रेणीचं होतं. १८९८ नंतर जॉर्जियात एवढं बळकट वादळ शिरलेलं नव्हतं. डोनाल्सनव्हिलला ११५ मैलांचा झोत नोंदला गेला. पण त्याचा गाभा आवळलेला होता, त्यामुळे पट्टा अरुंद आणि त्या पट्ट्यात विध्वंस जबरदस्त. मायकेलवरून हेलीनचा अंदाज बांधणारा माणूस केंद्रापासून शंभर मैलांवर निर्धास्त राहिला असता.

आणि आयक, २००८. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला धडकलं १३ सप्टेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेकडो मैलांवर ओहायोत कोलंबसला ७५, सिनसिनाटीला ७४, आणि केंटकीतल्या लुईव्हिललाही ७५ मैलांचे झोत. तेव्हा ते उष्णकटिबंधीय वादळ राहिलेलंच नव्हतं. कडक ऊन पडलेलं, हवा वर-खाली ढवळली जात होती, वरचा वेगवान वारा सरळ जमिनीपर्यंत आला. पाऊस जवळजवळ नाही. तिथे अंदाज खरोखर कमी पडला होता. आतल्या वाऱ्यासाठी "वादळ विरलं" या वाक्यावर विसंबू नये हे ज्याला पटवून द्यायचं असेल त्याला आयक दाखवा.

देवराई

झाडांबद्दल लिहितो, कारण वाऱ्याचे आकडे आणि पडलेली झाडं यांचा मेळ नुसत्या वेगावरून लागत नाही.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चा झोत ८२ झाला तर वेग ३७ टक्के वाढला, जोर १.८७ पट झाला. हे झालं वरून. खालून काय? हेलीनच्या आधी २५ आणि २६ सप्टेंबरला एका रेंगाळलेल्या आघाडीमुळे (थंड आणि उबदार हवेच्या सीमेमुळे) मोठा पाऊस होऊन गेला होता. उत्तर कॅरोलिनातल्या बुसिकला तीन दिवसांत मिळून ३०.७८ इंच झाला. तो डोंगरातला टोकाचा आकडा, पण पायथ्यालाही जमीन चिंब होती. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. चिकणमातीत पाणी भरलं की मुळं आणि माती यांच्यातली पकड सुटते, आणि झाड बुंध्याशी मोडण्याऐवजी मुळांच्या थाळीसकट उलटं पडतं. पडलेल्या झाडाकडे बघून हे लगेच कळतं: बुंध्यामागे मातीची उभी भिंत, तिला चिकटलेले तुटके मुळांचे तुकडे, आणि खड्ड्यात साचलेलं पाणी. असं दिसलं तर दोष जमिनीचा जास्त, वाऱ्याचा कमी. खोड दहा-पंधरा फुटांवर करकचून मोडलेलं असेल तर दोष वाऱ्याचा.

ओक, विशेषतः वॉटर ओक, मुळासकट उलटतो. आतून पोकळ होण्याची सवय असल्यामुळे म्हातारा वॉटर ओक घरापाशी नकोच. पाइन बहुधा मोडतो. पाइनच्या लागवडीत नुकतीच विरळणी झालेले पट्टे सगळ्यात आधी जातात, कारण दाटीत वाढलेल्या सडसडीत झाडांना शेजाऱ्याचा आधार गेलेला असतो आणि खोड जाड व्हायला अजून वेळ मिळालेला नसतो. पेकनच्या (अक्रोडासारख्या फळाच्या) बागांचं नुकसान सर्वांत हळहळ लावणारं. सप्टेंबरअखेर फांद्या फळांनी लदलेल्या, पानं पूर्ण, खाली ओली जमीन. आणि नवं झाड भरात यायला वर्षानुवर्षं लागतात.

जॉर्जियाच्या वनविभागाने ८९ लाख एकर वनक्षेत्राला झळ आणि १२८ कोटी डॉलर्सचं लाकडाचं नुकसान असा हिशेब दिला. पडलेला पाइन वाचवायचा तर घाई करावी लागते. उबदार हवेत काही आठवड्यांतच निळी बुरशी शिरते आणि फळ्यांचा माल कागदाच्या लगद्याच्या भावात जातो. त्यातही क्रम असतो: आधी मोडलेली खोडं उचलायची. मुळं अजून जमिनीत असलेली कललेली झाडं थोडी टिकतात.

ओली जमीन आणि बेताचा वारा याचं जुनं उदाहरण म्हणजे फ्रान, १९९६. उत्तर कॅरोलिनातल्या रॅली शहराच्या विमानतळावर ७९ मैलांचा झोत होता. आधीच्या पावसाने जमीन भिजलेली, आणि झाडं रस्तोरस्ती आडवी. मला विचाराल तर ह्यूगोइतकंच फ्रानशीही हेलीनचं साम्य आहे.

तारयंत्री

देवराई यांनी लिहिलं त्याला वीजपुरवठ्याची बाजू जोडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत सुरक्षा संहितेत टोकाच्या वाऱ्यासाठीचा नियम आहे, पण तो साधारण ६० फुटांहून उंच रचनांना लागू होतो. गल्लीतला लाकडी खांब ४०-४५ फुटांचा असतो. तो त्या नियमातून सुटतो. यामागचं तर्कशास्त्र असं की इतक्या ठेंगण्या खांबांना वारा स्वतः पाडत नाही, त्यांच्यावर पडणारं झाड पाडतं. हेलीनमध्ये नेमकं तेच झालं. तारेवर ओक पडला की तार तुटण्याआधी ती दोन्हीकडच्या खांबांना खेचते, आडवा बाहू मोडतो, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) खाली येतं. एका झाडामागे चार-पाच खांब जातात.

म्हणूनच दुरुस्तीला आठवडे लागतात. नुसती फ्यूज उडालेली असती तर माणूस काठीने बदलून गेला असता. इथे आधी रस्ता मोकळा, मग झाड कापणारे, मग नवे खांब, मग तार. क्रम ठरलेला: पारेषण वाहिनी, उपकेंद्र, रुग्णालयं आणि पाणीपुरवठा, मुख्य फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी), त्यातून फुटणाऱ्या छोट्या वाहिन्या, आणि सगळ्यात शेवटी एकेका घराची सर्व्हिस वायर. तुमच्या गल्लीत दोनच घरं अंधारात असतील तर तुम्ही यादीच्या शेवटी आहात.

घरमालकांसाठी महत्त्वाचं: छपरावरून वर जाणारा नळ, त्याच्या टोकाचं वेदरहेड (तारा आत घेणारी टोपी) आणि मीटरची पेटी बहुतेक ठिकाणी घरमालकाची जबाबदारी असते, तार मात्र कंपनीची. नळ वाकला असेल तर कंपनीचा माणूस दारात येऊनही जोडणी न करता परत जातो. वीज येण्याची वाट न बघता परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तो आधीच बदलून घ्या, स्थानिक तपासणी लागत असेल तर तीही उरकून ठेवा. जनरेटर घराच्या सॉकेटमध्ये उलटा खुपसू नका. त्याने खांबावर काम करणाऱ्याचा जीव जातो, कारण रोहित्र उलट दिशेनेही व्होल्टेज चढवतं. ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक (घराला एका वेळी एकच पुरवठा जोडू देणारी सोय) बसवा, आणि जनरेटर दार-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब ठेवा.

नॉटमैल

आता नोंदींच्या भरवशाबद्दल, कारण अंदाज तपासताना इथे हमखास गडबड होते.

विमानतळाच्या दर तासाच्या अहवालातला झोत हा निरीक्षणाआधीच्या दहा मिनिटांतला असतो. तासाभरातला सर्वोच्च झोत शेवटच्या शेऱ्यात "पीके डब्ल्यूएनडी" या अक्षरांपुढे येतो. समजा तिथे ०९०७१/०९१२ असं असेल: पहिले तीन आकडे दिशा (९० अंश, पूर्वेकडून), पुढचे दोन वेग नॉटमध्ये (७१), तिरक्या रेघेनंतर वेळ ग्रीनिचची. सप्टेंबरात पूर्व किनाऱ्यासाठी चार तास वजा, म्हणजे पहाटे ५:१२. मैलांसाठी १.१५ ने गुणा, किलोमीटरसाठी १.८५२ ने.

मोठा सापळा: केंद्राची वीज गेली की नोंद थांबते. ज्या गावात सगळ्यात जास्त वारा होता त्याच गावाची मालिका शिखराआधी तुटलेली असते. म्हणून आलेख बघताना आधी पुढचे अहवाल आहेत का ते पाहा. मध्येच खंड पडला असेल तर शेवटचा आकडा "कमाल" म्हणून वापरू नका, "निदान एवढा" म्हणून वापरा.

घरच्या छपरावरच्या हौशी केंद्रांचे आकडे मी या कामासाठी बाजूला ठेवतो. बहुतेक १० मीटरच्या खाली, झाडांच्या आडोशाला असतात आणि कमी दाखवतात. उलट छपराच्या कडेवर बसवलेलं यंत्र जास्त दाखवतं.

रडारवरचे वेगाचे रंग बघून "वर १०० मैल आहे, म्हणजे खाली येणारच" असं समजू नका. सगळ्यात खालच्या ०.५ अंशाच्या कोनातही किरण ३० मैलांवर सुमारे १,८०० फूट आणि ६० मैलांवर सुमारे ४,५०० फूट उंच असतो. शिवाय रडार फक्त स्वतःच्या दिशेने येणारा किंवा जाणारा वारा मोजतं, आडवा वारा त्याला दिसतच नाही. संगणकाच्या हवामान मॉडेलमधला झोतही असाच: तो ढवळल्या जाणाऱ्या थराच्या माथ्यावरचा वारा खाली आणून काढलेला अदमास आहे. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर असेल तर तो अदमास जास्त निघतो. पावसाचे जोरदार पट्टे त्या थराला भेदून जातात तेव्हा मात्र तो खरा ठरतो.

श्रीवर्धनची_सुपारी

धागा वाचून मनात येतंच, निसर्ग चक्रीवादळाशी याची तुलना करता येईल का? ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला आलं तेव्हा ताशी १०० ते ११० किमी, झोत १२० असं सांगितलं होतं. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पण पुण्या-नाशकाकडे जाईतो जोर पुष्कळ कमी झाला होता.

आकडेमोड

करता येईल, पण दोन काळज्या घेऊन. भारतीय हवामान विभाग सलग वारा ३ मिनिटांच्या सरासरीने देतो, एनएचसी १ मिनिटाच्या. त्यामुळे तोच वारा एनएचसीच्या मापात थोडा जास्त दिसतो. दुसरं, १०० ते ११० आणि झोत १२० हे गुणोत्तर किनाऱ्याचं आहे. घाटमाथ्यावर, झाडीत ते लागू होत नाही.

फरकाचं मुख्य कारण मात्र चाल. ताशी २० किलोमीटरने सरकणारं वादळ सहा तासांत १२० किलोमीटर आत जातं. हेलीन ताशी ४८ च्या आसपास होतं, तेवढ्याच वेळात २८८. कोकणाच्या पाठीशी सह्याद्रीही उभा आहे, जो खालचा वारा मोडतो आणि काही घळींमधून उलट जोरात काढतो. मात्र एखादं वादळ मान्सूनपूर्व काळात कोकणावर आलं आणि नेहमीपेक्षा वेगाने ईशान्येला पळालं, तर देशावरच्या गावांनाही झोतांचा धोका राहील. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीचं देवराई यांनी सांगितलेल्या पाइनसारखंच आहे: उंच, सडसडीत खोड, सगळा भार माथ्यावर.

दक्षिणवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या मोसमात आतल्या गावांत राहणाऱ्यांसाठी वाचनाचा क्रम असा ठेवावा असं मला वाटतं. आधी वादळाची चाल बघा. ताशी २० मैलांच्या वर असेल तर श्रेणी विसरा आणि "धडकेनंतर किती तासांनी आपल्याकडे" हे मोजा. मग आपण मार्गाच्या उजवीकडे की डावीकडे, आणि मार्ग ५० मैल इकडेतिकडे सरकला तर बाजू बदलते का. बदलत असेल तर उजवी बाजू धरूनच तयारी करा. मग मागच्या तीन दिवसांचा पाऊस. मग शक्यतेच्या तक्त्यात ५० नॉटचा रकाना. आणि स्थानिक हवामान कार्यालयाचं पत्रक, कारण आपल्या जिल्ह्यासाठी झोताचा आकडा तिथेच मिळतो, एनएचसीच्या मथळ्यात नाही.

झोत ६० च्या वर आणि जमीन ओली असेल तर मोठ्या झाडाच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली त्या रात्री झोपायला वापरू नका. खालच्या मजल्यावर, झाडापासून दूरच्या बाजूला गाद्या टाका.

कांदेपोहे_शार्लट

एक छोटी भर. एनएचसीच्या तांत्रिक पत्रकात ३४, ५० आणि ६४ नॉटच्या वाऱ्याचा घेर चार दिशांना वेगवेगळा दिलेला असतो, ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य या क्रमाने. तो त्या चतुर्थांशातला सगळ्यात लांबचा पल्ला असतो, सरासरी नाही, आणि सागरी मैलांत असतो. आपल्या गावापर्यंतचं अंतर नकाशावर साध्या मैलांत मोजलं असेल तर तुलना करण्याआधी पत्रकातल्या आकड्याला १.१५ ने गुणा. १०० सागरी मैल म्हणजे ११५ मैल, आणि हा फरक दक्षिण कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल घेराच्या आत की बाहेर हे ठरवायला पुरेसा आहे.